हळूला इंग्रजीत काय म्हणावं

बोरखडीच्या मोहनराव मास्तरांना इंग्रजी येतं, याचा गावाला फार अभिमान होता. तसं त्या इंग्रजीला गावात काही काम नव्हतं. राज्य निजामाचं, कचेरी उर्दूतली, शाळेत पाढे आणि बाराखडी, आणि घरात सत्यभामाबाईंचा कारभार. इंग्रजीला शिरायला कुठं फटच नव्हती. पण लग्नाकार्यात "हे आमचे मास्तर, इंग्रजी येतं बरं का यांना" असं पाहुण्यांना सांगता येई आणि पाहुणे उगीच जरा सावरून बसत. मास्तर औरंगाबादेला मॅट्रिकच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन आले होते. उंबरा का ओलांडला नाही, असं कुणी विचारत नसे. बोरखडीतून तिथवर तरी दुसरं कोण गेलं होतं?

त्या साली बीडहून मोमिनाबादेला मोटार सुरू झाली. मोमिनाबाद हे कागदावरचं नाव; बायका त्याला अंबाजोगाईच म्हणत. ही मोटार बोरखडीवरून जायची आणि तिथंच सगळी भानगड होती. घाटावरून सुटलेला रस्ता सरळ खाली येऊन एका थोराड चिंचेपाशी वळायचा आणि त्या चिंचेखाली दर मंगळवारी बाजार भरायचा. पहिल्याच मंगळवारी खाजामियाँ ड्रायव्हरची मोटार त्या उतारावरून जी आली, ती चिंच, बाजार, कोंबड्या आणि आमिनाबीची सीताफळांची टोपली असं सगळं बघत बघत खालच्या ओढ्यात जाऊन उभी राहिली. माणसांना खरचटलंसुद्धा नाही. टोपलीचं मात्र भरीत झालं. आमिनाबी ओढ्यात उतरली, गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि खाजामियाँच्या मागच्या तीन पिढ्यांनी गाडी कशी हाकली असेल, याविषयी तिनं जे सांगितलं ते ऐकायला बाजार बराच वेळ बंद राहिला.

पुढच्या आठवड्यात तहसील कचेरीतून हुकूम आला. बाजार रस्त्याला अडथळा करतो, सबब तो तिथून उठवून चार कोसांवरच्या माळावर न्यावा. किंवा गावानं स्वखर्चानं घाटाच्या तोंडाशी, मोटारीनं वेग कमी करावा अशा मजकुराची पाटी लावावी. पाटी उर्दू आणि इंग्रजीत असावी. शब्द कचेरीतून तपासून घ्यावा. आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी तामीरात म्हणजे बांधकाम खात्याचे इंजिनियरसाहेब जातीनं येऊन ती मंजूर करतील. मंजूर न झाल्यास माळ आहेच.

त्या माळावर झाड नव्हतं, पाणी नव्हतं. आमिनाबीचे गुडघे चार कोस चालणारे नव्हते. पण हुकुमाचा सगळ्यात जास्त धसका घेतला तो सत्यभामाबाईंनी. त्यांचं माहेर घाटावरच्या वाडीत. म्हातारी आई दर मंगळवारी काठी टेकत उतार उतरायची, आमिनाबीच्या टोपलीशेजारी टेकायची, मग लेकीच्या घरी येऊन भाकरी खायची आणि ऊन उतरल्यावर परत जायची. मायलेकींची भेट काय ती एवढीच. माळ होता दुसऱ्या दिशेला. बाजार तिकडं गेला तर आई इकडं कशाला येईल?

चावडीवर बैठक बसली. उर्दू शब्द एका दमात ठरला. हरिबा म्हणाला, "आहिस्ता", सगळे म्हणाले, "आहिस्ता", आणि संपलं. मग सगळ्यांच्या माना मास्तरांकडे वळल्या. आयुष्यात पहिल्यांदाच गावाला इंग्रजीची गरज पडली होती. मास्तरांनी घसा साफ केला, पागोटं नीट केलं आणि म्हणाले, "स्लो."

इथं जर सगळे उठून घरी गेले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण हरिबा तसा उठणारा माणूस नव्हता. तो पूर्वी मोमिनाबादच्या छावणीत गोऱ्या साहेबांचे घोडे खरारायला होता, त्यामुळे त्याचं इंग्रजी घोड्याच्या खुरांच्या बाजूनं पक्कं होतं. "मास्तर, तुमचं खरं असंल," तो म्हणाला, "पन आमचा साहेब घोड्याला कदी स्लो मनला न्हाई बगा. चेक मनायचा. लई येळा ऐकलंय. मी तवा लगामच धरून गेलतो ना संगं."

मास्तरांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानं हरिबाला गप्प केलं असतं. पण मास्तर शब्दांच्या बाबतीत फार प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, "थांबा, बघून सांगतो," आणि घरी जाऊन त्यांनी माळ्यावरून डिक्शनरी काढली.

या डिक्शनरीविषयी दोन शब्द सांगायला हवेत. ती औरंगाबादहून येताना जुन्या बाजारातून घेतलेली होती आणि तिची पहिली पानं वाळवीनं खाल्ली होती. ती सुरूच व्हायची 'सी'पासून. ॲपल, बॉय, ब्रदर या मंडळींना मास्तर केवळ ऐकून ओळखत होते आणि त्यांच्याविषयी जरा जपूनच बोलत. अशा त्या पुस्तकात मास्तर संध्याकाळपर्यंत बुडून राहिले आणि बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा घाबराघुबरा झाला होता. स्लो होता. चेकही होता. शिवाय स्लॅकन होता, रिटार्ड होता. ब्रेक नावाचा शब्द खाजामियाँच्या तोंडी ऐकलेला होता, पण तो वाळवीच्या पोटात गेल्यामुळे त्याची खातरजमा करता येत नव्हती. आणि शेवटी स्टॉप होता, म्हणजे थेट थांब.

"अगं, बघ तरी," मास्तर सत्यभामाबाईंना म्हणाले. "काका, मामा, मावशीचा नवरा, आत्याचा नवरा, सगळ्यांना मिळून या लोकांकडं एकच शब्द. आणि गाडी हळू करायला इतके!"

"मंग त्यातला एक घ्या की," सत्यभामाबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या. "दुकानात पाच लुगडी दिसली मनून आपन पाची घेतो का?"

"एकासारखं एक असतं तर घेतलं असतं. पण प्रत्येकाचा पोत वेगळा आहे."

हे मात्र सत्यभामाबाईंना पटलं. लुगड्याचं त्यांना कळत होतं.

मास्तर सगळे शब्द घेऊन तहसील कचेरीत गेले. तिथल्या बड्या कारकुनापुढं, पेशकारांपुढं, अर्ज ठेवायचा म्हणजे आधी बाहेरच्या पट्टेवाल्याला सलाम, मग आतल्याला, मग पेशकारांचं पान संपेपर्यंत उभं राहणं. पान संपलं. पेशकारांनी शब्दांवरून नजर फिरवली आणि शेवटच्या शब्दाशी त्यांचं बोट थबकलं.

"ये क्या है, मास्टरसाब?"

"स्टॉप. म्हणजे थांब."

पेशकारांनी इकडंतिकडं बघून आवाज खाली केला. "मोटार सरकारी हाय. तिच्यात उद्या तालुकदारसाब बसतील, परवा सुभेदारसाब बसतील. त्यांना 'थांब' मननारी बोरखडी कोन? सरकारला 'हळू चला' मनता येतं, ती अर्जी झाली. 'थांब' मनलं की बंड झालं. त्याला हैदराबादची मंजुरी लागती, अन् हैदराबाद देत न्हाई." आणि त्यांनी बोरूची एक जाड रेघ ओढून स्टॉपचा निकाल लावला. मास्तरांना तो युक्तिवाद मनापासून पटला. भाषेचा इतका बारीक विचार करणारा माणूस कचेरीत असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

"आता राहिले पाच," पेशकार म्हणाले. "या पाचांत फरक काय?"

 अर्थ मास्तरांनी वाचले होते, पण पुस्तकात एकाचा अर्थ दुसऱ्याकडं बोट दाखवत होता आणि दुसऱ्याचा परत पहिल्याकडं. पेशकार म्हणाले, "फरक मालूम करून या. इंजिनियरसाब इचारले तर कचेरीची अब्रू जाईल."

परतीच्या वाटेवर मास्तर अस्वस्थ होते. अब्रू कचेरीची म्हणून पेशकार बोलले होते, पण घाव मास्तरांच्या अब्रूवर बसला होता. इतकी वर्षं ज्या इंग्रजीच्या जिवावर लग्नात पुढच्या पंगतीत बसलो, तिच्यातल्या पाच शब्दांतला फरक आपल्याला सांगता येऊ नये? शेवटी ओढ्यापाशी येता येता त्यांना एक गोष्ट सुचली. वेग कमी करणं ही वाचायची बाब नाहीच, करून बघायची बाब आहे. मोटार काही आपल्याला मिळायची नाही. पण उतार आपला आहे आणि हरिबाची बैलगाडी आहे.

दुसऱ्या दिवसापासून बोरखडीच्या घाटात इंग्रजी शब्दांच्या चाचण्या सुरू झाल्या. बीड जिल्ह्यात असा प्रकार आधी झाला नव्हता आणि नंतरही कुणी केल्याचं ऐकिवात नाही. अख्खं गाव दोन्ही कडांना बसलं. मास्तर पागोटं बांधून गाडीत, हरिबा धुरेवर, आणि आमिनाबी खाली चिंचेशी, कारण बोरखडीच्या उतारावरून काहीही सुटलं तरी ते आपल्यापर्यंत येतं, हा तिचा अनुभव होता.

पहिला शब्द स्लॅकन. ओढ ढिली करणं, ताण सोडणं, असा त्याचा अर्थ. मास्तर म्हणाले, "हरिबा, चाबूक खाली ठेवा. कासरा सैल सोडा. बैलांना वाटलं पाहिजे की घाई नाही." हरिबानं कासरा सोडला. बैलांना मात्र असं वाटलं की आता विचारणारं कोणी नाही. मागून गाडीचा रेटा, समोर मोकळा उतार. बैल जे उधळले ते चिंच ओलांडून थेट ओढ्यात, खाजामियाँची मोटार उभी राहिली होती बरोबर त्याच जागी. आमिनाबीनं टोपली आधीच डोक्यावर घेतली होती.

"यात शब्दाचा दोष नाही," मास्तर ओल्या धोतरानं बाहेर येत म्हणाले. "हा सपाटीचा शब्द आहे. त्याला आपण घाटात आणला."

त्यांच्या या बोलण्याचं मला फार कौतुक वाटतं. ओढ्यात पडलेला माणूस सहसा हरिबाला बोलतो, बैलांना बोलतो, निदान सरकारला तरी बोलतो. मास्तरांनी शब्दाचीसुद्धा बदनामी होऊ दिली नाही.

दुसरा शब्द चेक. हा हरिबाचा, त्यामुळे त्याला चेव आला होता. अर्ध्या उतारावर त्यानं "चेक!" म्हणून आरोळी ठोकली आणि दोन्ही हातांनी कासरा खेचला. बैल खांबासारखे उभे राहिले. गाडीही उभी राहिली. मास्तरांना मात्र कुणी खेचलं नव्हतं, ते आपल्या वेगानं पुढं गेले आणि बैलांच्या जूवर पोटावर पडले. पागोटं तिथंही थांबलं नाही. ते एकटंच उलगडत उलगडत बाजारतळापर्यंत गेलं. आमिनाबीनं ते झटकून, घडी घालून वर आणून दिलं.

"मास्तरबाबा," ती म्हणाली, "शबद चांगला हाय. पन गाडीत बसनाऱ्याला आधी सांगाया पायजे."

"हे लक्षात ठेवण्यासारखं आहे," मास्तर जूवरूनच म्हणाले.

तिसरा ब्रेक. त्याच्याविषयी ऐकीव माहिती अशी की तो चाकालाच पकडतो. घाटातले गाडीवान अवजड माल असला की चाकामागं ओंडका बांधून फरफटत नेत, तेच केलं. ओंडका चाकाला घासू लागला, असा काही आवाज निघाला की घाटावरच्या वाडीतून माणसं मोटार उलटली म्हणून घागरी घेऊन धावत आली. चाकातून धूर निघत होता. त्यांनी घागरी चाकावर ओतल्या आणि चाक कुठलं नि मास्तर कुठले, हे धुरात नीट दिसलं नाही. गाडी मात्र सुखरूप खाली उतरली, फक्त तिला उतरायला जेवणवेळ झाली. त्या माणसांत सत्यभामाबाईंची आईही होती. जावई भिजलेला पाहून म्हातारी म्हणाली, "कावून करून घेताय हे असं, पावनं? इंग्रजी काय आमी न्हाई मनलं तर जगनार न्हाई का?"

मास्तर नुसतं हसले. बाजार हलला तर तुमचं येणं सुटेल, हे त्यांनी तिला सांगितलं नव्हतं.

चौथा रिटार्ड. म्हणजे बाहेरच्या कशानं तरी खोळंबा होणं. गावानं ओढ्यातली वाळू वाहून उतारावर पसरली. गाडी वाळूत जी रुतली ती ना खाली, ना वर. वीसेक माणसं लागून ती निघाली, आणि तेवढ्यात कचेरीचा पट्टेवाला हजर: सरकारी रस्त्यावर वाळू कुणाच्या परवानगीनं? मास्तर म्हणाले, "शब्दाच्या चाचणीसाठी." पट्टेवाल्यानं आयुष्यात बऱ्याच सबबी ऐकल्या होत्या, ही नवी होती. तो विचारात पडला, सीताफळ खाऊन गेला, आणि वाळू परत ओढ्यात टाकायचा हुकूम देऊन गेला. शब्दाचा अर्थ वाळू वाहून नेताना सगळ्या गावाला पाठ झाला.

राहिला स्लो. त्याची चाचणी घ्यायला अंगात त्राणच उरलं नव्हतं कुणाच्या. संध्याकाळ झाली. हरिबा गाडीतच आडवा झाला, बैल आपल्या मनानं घराकडं निघाले, माना खाली, पावलं एका लयीत, घुंगरांचा आवाजसुद्धा दमलेला. कुणी कासरा धरला नव्हता, कुणी चाकाला काही बांधलं नव्हतं. मास्तर मागून चालत होते. चालता चालता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हरिबा," ते म्हणाले, "हा स्लो."

"मग पयल्याच दिशी तेच तर मनला होता तुमी," हरिबा पडल्या पडल्या म्हणाला.

"तेव्हा ठाऊक नव्हतं."

आता कुणालाही वाटेल की प्रश्न सुटला. पण फरक कळला आणि प्रश्न वाढला. पूर्वी पाचांतला कोणताही एक चालला असता. आता पाची खरे होते आणि पाची वेगळे होते. चावडीवर तट पडले. हरिबा चेकवर ठाम. गाडीवान ब्रेकच्या बाजूनं. ज्यांनी वाळू वाहिली त्यांना आपले श्रम वाया जाऊ द्यायचे नव्हते, ते रिटार्ड सोडीनात. मोटार हाकणारा खाजामियाँ एका बीडच्या फेरीला थांबला तेव्हा त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मास्टर, मेरे को कौनसीच भाशा पढने को आती नै. तुमी काई बी लिवा." या मताची कुणी दखल घेतली नाही. पाटी वाचण्यासाठी नसते, मंजूर होण्यासाठी असते, हे सगळ्यांना माहीत होतं.

सटवा सुतारानं पाटी करून आणली, हातभर लांब आणि वीतभर रुंद. तिच्यावर एक शब्द मावत होता. उद्या मंगळवार. मास्तर पाटी मांडीवर घेऊन, कुंचला हातात धरून ओसरीवर बसले होते आणि रंग वाळत चालला होता.

"लिहा की," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"कोणता लिहू? स्लॅकन लिहिला तर गाडी ओढ्यात जाईल. चेक लिहिला तर आतला माणूस बाहेर पडेल. एक लिहायचा म्हणजे चौघांविषयी खोटं बोलायचं. मला कळलं नसतं तर लिहिलं असतं गं. आता कळलंय."

सत्यभामाबाई इतके दिवस नवऱ्याची धोतरं वाळवत होत्या, जखमांना हळद लावत होत्या आणि शेजारणींची हसणी ऐकत होत्या. त्या काही बोलतील या भीतीनं मास्तरांनी मान खाली घातली. बाईंनी पाटीकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, मग वळून घराच्या दाराकडं पाहिलं. चांगलं सागवानी दार, पितळी कडीचं, चौकटीत घट्ट बसलेलं.

"पाची मावतील का याच्यावर?" त्यांनी विचारलं.

"अगं, हे घराचं दार!"

"मला ठावं हाय कशाचं हाय ते. बाजार गेल्यावर या दारातून येनार कोन हाय?"

 मास्तरांना लग्नानंतर इतक्या वर्षांनी आपल्या बायकोविषयी जे वाटलं ते कोणत्याच डिक्शनरीत सापडलं नसतं, वाळवी न लागलेल्या डिक्शनरीतसुद्धा. त्यांनी सटवाला हाक मारली. दार बिजागऱ्यांतून निघालं, आडवं झालं आणि मास्तर कंदिलाची वात चढवून त्याच्यापुढं बसले.

मंगळवारी इंजिनियरसाहेब निघाले. विलायतेत शिकून आलेले, हैदराबादचे, सोनेरी चष्म्याचे गृहस्थ. पुढं खाजामियाँ, मागं साहेब आणि साहेबांशेजारी पेशकार, कचेरीची अब्रू सांभाळत बसलेले, आणि अगदी मागं दोन चपराशी. घाटाच्या तोंडाशी मोटार आली आणि समोर रस्त्याच्या कडेला एक दार उभं होतं. घर नाही, भिंत नाही, नुसतं दार. वर कुंकवाची बोटं, डावीकडं पितळी कडी, आणि कडीपासून उंबऱ्याच्या बाजूपर्यंत बारीक, ठेंगण्या, वळणदार इंग्रजी अक्षरांच्या ओळीच ओळी. एका कोपऱ्यात उर्दूतलं आहिस्ता.

साहेब पुढं झुकले. वाचता येईना. "आहिस्ता करो," ते म्हणाले. खाजामियाँनं वेग कमी केला. तरी वाचता येईना. "और आहिस्ता." तरी नाही. शेवटी साहेबांनी हात वर केला, मोटार उभी राहिली, साहेब खाली उतरले आणि चष्मा पुसून दारासमोर जाऊन उभे राहिले.

दारावर जे होतं त्याचा सारांश असा. चालकानं कृपा करून स्लो व्हावं, म्हणजे सांजेला घरी निघालेल्या बैलांसारखं. स्लॅकन हाही उत्तम शब्द आहे, पण उतारावर तो वापरू नये, समोर ओढा आहे. चेक करायचं असल्यास आतल्या मंडळींना आधी सांगावं आणि पागोटी धरावीत. ब्रेकविषयी लिहिणाऱ्याला प्रत्यक्ष ग्रंथाधार नाही, परंतु तो चालतो असं अनुभवास आलं आहे. जवळ पाणी ठेवावं. रिटार्ड होण्यास वाळू लागते आणि ती टाकण्यास सरकारी परवानगी नाही. खाली चिंचेजवळ सीताफळं घेऊन एक वृद्ध बाई बसते, तिचं नुकसान यापूर्वी एकदा झालेलं आहे.

साहेब सावकाश वाचत होते. मध्येच त्यांचे खांदे हलले. पेशकार घाम पुसत होते आणि मास्तर बाजूला हात जोडून उभे होते. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी औरंगाबादेला ते असेच उभे होते.  उताराच्या मध्यावर काठी टेकून सत्यभामाबाईंची आई उभी होती, तिला वाटलं दारात कोणी पाहुणे आलेत.

"ये सब आप आजमा के देखे?" साहेबांनी विचारलं.

"जी हुजूर. पाची." मास्तरांनी नकळत पोटाला हात लावला, जूचा वळ अजून होता.

साहेबांनी एकदा त्यांच्याकडं, एकदा दाराकडं पाहिलं. हसू ओसरलं होतं. "मैं विलायत में चार साल पढा," ते म्हणाले. "एक-एक लफ्ज के लिए ऐसी मेहनत मैंने नहीं की." मग पुन्हा दारावर बोट फिरवत ते म्हणाले, "सब है. मगर एक लफ्ज रह गया. स्टॉप कहाँ है?"

पेशकारांनी डोळे मिटले. मास्तर अदबीनं म्हणाले, "हुजूर, सरकारच्या मोटारीला थांब म्हणणारे आम्ही कोण?"

साहेब काही बोलणार होते. तेवढ्यात त्यांनी सहज मागं वळून पाहिलं. मोटार उभी होती. तिचं झाकण उघडून खाजामियाँ आत पाणी ओतत होता, पाण्याची घागर आमिनाबीनं वर पाठवलेली होती. मागच्या बाजूचे दोन चपराशी उतरून सीताफळं खात होते. पेशकार रस्त्यावर उभे होते. साहेब स्वतः रस्त्यावर उभे होते. कितीतरी वेळ झाला होता.

"ठीक है," साहेब म्हणाले. "मंजूर. एक हर्फ न बदलो."

बाजार चिंचेखालीच राहिला. मास्तरांच्या घराला दार म्हणून सत्यभामाबाईंनी एक जुनी घोंगडी लावली. त्यातून एकदा कुत्रं येऊन भाकरी घेऊन गेलं आणि शेळी तर रोज यायची. मास्तर दुसरं दार करू म्हणाले की त्या म्हणत, "असू द्या. आईला कडी वाजवाया नको." दर मंगळवारी म्हातारी घोंगडी बाजूला सारून आत यायची आणि बसता बसता सांगायची की वर तुमच्या दारापाशी आजपन लई गर्दी हाय.

ती होतीच. मोटार प्रत्येक फेरीला तिथं उभी राहायची. ज्यांना इंग्रजी येत होतं ते वाचायला उतरत, ज्यांना येत नव्हतं ते काय लिहिलंय विचारायला उतरत, आणि मास्तर मोकळे असले तर पाची शब्द हातवारे करून समजावून देत. चेकच्या वेळी मंडळी आपोआप आपापली पागोटी धरत. खाजामियाँ तेवढ्यात मोटारीला पाणी पाजून घ्यायचा.

पुढं एकदा पेशकार स्वतःच्या कामानं मोमिनाबादेला निघाले. घाटाच्या तोंडाशी मोटार उभी राहिली, माणसं उतरली, आमिनाबी टोपली घेऊन पुढं आली. ती आता चिंच सोडून वरच बसायला लागली होती. पेशकारांच्या कपाळाला आठी पडली. पाटीवर स्टॉप नव्हता, हैदराबादची मंजुरी नव्हती, त्यांच्या बोरूची रेघ अजून कचेरीत होती.

"ही सरकारी मोटार इथं कुनाच्या हुकमानं थांबली?" त्यांनी विचारलं.

आमिनाबीनं टोपलीतलं एक पिकलेलं सीताफळ निवडून त्यांच्या हातावर ठेवलं.

"हुकूम कुनाचा न्हाई, साब," ती म्हणाली. "तिला वाचायचं असतं."